एका पानाचे दोन वाचक

तिसरी-चौथीच्या वह्या तपासताना एक चूक हमखास भेटते. ३४७ मध्ये २९ मिळवायचे असतात. मूल वर ३४७ लिहिते आणि खाली २९ मांडताना डावीकडून सुरुवात करते. त्यामुळे २ येतो ३ च्या खाली, ९ येतो ४ च्या खाली आणि ७ च्या खाली काहीच येत नाही. मग मूल नेटाने बेरीज करते, हातचाही बरोबर घेते आणि उत्तर लिहिते ६३७. बरोबर उत्तर ३७६ आहे. मुलाला बेरीज येते, हातचा कळतो. चुकली आहे ती फक्त मांडणी. बाई लाल शाईने लिहितात, ‘एककाखाली एकक’.

आता दुसरे उदाहरण पाहू. एक-अष्टमांशापासून सात-अष्टमांशापर्यंतचे अपूर्णांक दशांश रूपात एका ओळीत लिहिले आहेत. त्यात एक चूक आहे.

०.१२५, ०.२५, ०.३७५, ०.५, ०.६५२, ०.७५, ०.८७५

हीच यादी एकाखाली एक, दशांश चिन्हाखाली दशांश चिन्ह ठेवून लिहिली तर अशी दिसेल :

०.१२५
०.२५०
०.३७५
०.५००
०.६५२
०.७५०
०.८७५

शेवटच्या रकान्यावरून नजर वरून खाली नेली, की ५, ०, ५, ० या चालीत मध्येच आलेला २ खटकतो. तिथे ०.६२५ हवे होते. ओळीत लिहिलेल्या यादीतही चूक तीच होती, पण तिथे ती सापडायला प्रत्येक संख्या मनात ताडून पाहावी लागते. इथे डोळ्यांनीच काम केले.

दोन्ही ठिकाणी आपण सारख्याखाली सारखे मांडले. पण दोन्हींत एक महत्त्वाचा फरक आहे. बेरजेत अंकाच्या जागेलाच अर्थ आहे. जागा बदलली की संख्या बदलते. यादीत मात्र जागेमुळे कोणत्याही संख्येची किंमत बदलली नाही; फक्त वाचणाऱ्याची सोय झाली. अर्थ सांगणारी मांडणी आणि सोयीची मांडणी अशा या दोन गोष्टी आहेत. दिसायला त्या अगदी जुळ्या बहिणींसारख्या आहेत.

संगणकासाठी आज्ञावली लिहिणाऱ्यांना या दोन बहिणींनी गेली सत्तर वर्षे पुष्कळ छळले आहे. कारण आज्ञावलीच्या पानाला दोन वाचक असतात. एक माणूस आणि दुसरे यंत्र. दोघे एकच पान वाचतात, पण एकाच पद्धतीने वाचत नाहीत. या लेखात आपण त्या मांडणीचा इतिहास पाहणार आहोत. त्यात आमच्या हातून झालेली, वहीतल्या त्या बेरजेसारखीच एक चूकही येईल.

रकाने जुनेच

रकाने पाडून लिहिण्याची युक्ती संगणकाहून फार जुनी आहे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात ‘प्लिम्प्टन ३२२’ नावाची एक मातीची पाटी आहे. ती सुमारे ३८०० वर्षांपूर्वीची, बॅबिलोनिया भागातली. तिच्यावर संख्यांचे चार रकाने आणि पंधरा ओळी आहेत, प्रत्येक रकान्यावर मथळा आहे आणि शेवटच्या रकान्यात चक्क ओळींचे अनुक्रमांक आहेत. ओल्या मातीवर लिहिणाऱ्या त्या लेखकालाही सारख्याखाली सारखे मांडण्याची गरज वाटली होती.

टंकलेखन यंत्र आले तेव्हा हिशेबाचे तक्ते टाइप करणे हे मोठे किचकट काम होऊन बसले. प्रत्येक रकान्यापर्यंत पोहोचायला मोकळ्या जागेची पट्टी मोजून तितक्या वेळा दाबावी लागे. त्यावर तोडगा म्हणून ‘टॅब्युलेटर’ आला. हव्या त्या जागी एक अडसर लावून ठेवायचा. कळ दाबली की गाडा सरकत जाऊन नेमका तिथे थांबे. आज संगणकाच्या कळफलकावर डाव्या बाजूला ‘टॅब’ नावाची जी कळ दिसते, ती याच टॅब्युलेटरची वारस. टेबल, म्हणजे तक्ता, करणारी ती टॅब.

कार्डावरची घरे

संगणकाच्या आज्ञावल्या सुरुवातीची कित्येक वर्षे जाड कागदाच्या कार्डांवर छिद्रे पाडून दिल्या जात. आयबीएम कंपनीने १९२८ मध्ये ८० रकान्यांचे कार्ड आणले. एका रकान्यात एक अक्षर किंवा एक अंक, म्हणजे एका कार्डावर जास्तीत जास्त ८० अक्षरे. यंत्राला डोळे नव्हते. कोणते छिद्र कितव्या रकान्यात आणि कितव्या ओळीत आहे, एवढेच त्याला कळे. जागा हीच त्याची भाषा होती.

१९५७ मध्ये जॉन बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयबीएम ७०४ या संगणकासाठी ‘फॉरट्रान’ ही भाषा तयार केली. सूत्रे जवळजवळ गणितासारखीच लिहिता यावीत, हा तिचा हेतू. पण लिहायचे कार्डावरच असल्याने तिने रकान्यांची वाटणी करून टाकली. पहिल्या रकान्यात ‘सी’ हे अक्षर असेल तर ते कार्ड म्हणजे माणसासाठी लिहिलेली टीप. यंत्राने ते सोडून द्यायचे. रकाने १ ते ५ आज्ञेच्या क्रमांकासाठी. सहाव्या रकान्यात खूण असेल तर मागच्या कार्डावरची आज्ञा पुढे चालू. प्रत्यक्ष आज्ञा लिहायची ती ७ ते ७२ या रकान्यांत.

मग ७३ ते ८० चे काय? आयबीएम ७०४ मध्ये एका ‘शब्दात’ ३६ द्विमान अंक मावत. कार्डाची एक आडवी ओळ वाचताना ती अशा दोन शब्दांत साठवली जाई, म्हणजे एकूण ७२ रकाने. उरलेले आठ रकाने यंत्र वाचतच नसे. लोकांनी त्यांचा छान उपयोग केला. तिथे कार्डांचे अनुक्रमांक छापून ठेवायचे. पाचशे कार्डांचा गठ्ठा हातातून पडून विखुरला, तर त्या अनुक्रमांकांवरून यंत्राने पुन्हा लावून घेता येई.

एक गंमत ध्यानात घ्या. ७ ते ७२ या पट्ट्याच्या आत फॉरट्रान मोकळ्या जागांकडे साफ दुर्लक्ष करी. म्हणजे पट्ट्याच्या सीमेवर जागेला पूर्ण अर्थ आणि आत काहीच अर्थ नाही. दोन्ही बहिणी एकाच घरात नांदत होत्या.

आपल्याकडेही संगणकाची एक पिढी या कार्डांवरच शिकली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आला. आज निवृत्त झालेल्या अनेक शास्त्रज्ञांना कार्डांचे गठ्ठे छातीशी धरून केलेल्या खेपा आठवतात.

जागा मोकळी झाली

१९६० मध्ये युरोप आणि अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी मिळून ‘अल्गॉल ६०’ ही भाषा ठरवली. तिने रकान्यांचे बंधन झुगारले. आज्ञा कोठे संपते ते अर्धविरामाने कळे, आणि आज्ञांचा एखादा गट ‘बिगिन’ आणि ‘एंड’ या शब्दांच्या मध्ये बांधला जाई. ओळ कोठे मोडायची, किती जागा सोडायची, हे सर्वस्वी लिहिणाऱ्याच्या मर्जीवर. यंत्राच्या दृष्टीने सगळे सारखेच.

यंत्राची सोय झाली, पण माणसाचे काय? सगळी आज्ञावली सलग परिच्छेदासारखी लिहिली तरी यंत्र खुशाल वाचणार होते. माणूस मात्र वाचू शकला नसता. म्हणून लिहिणाऱ्यांनी आपणहून शिस्त लावून घेतली. गटाच्या आतल्या ओळी थोड्या उजवीकडे सरकवून लिहायच्या. आपण मुद्दे आणि उपमुद्दे लिहिताना समास वाढवतो, तसेच हे.

ही शिस्त हाताने पाळणे कंटाळवाणे होते. ‘लिस्प’ या भाषेत तर कंसात कंस, त्यात आणखी कंस असा प्रकार असे. तेव्हा एमआयटीत बिल गॉस्पर यांनी १९६७ च्या सुमारास एक आज्ञावली लिहिली. तिचे काम एकच : दुसऱ्या आज्ञावल्या नीट ओळी पाडून, समास सोडून छापायच्या. यंत्राने माणसासाठी नेटके लिहून द्यायचे. अशा छपाईला पुढे ‘प्रिटी प्रिंटिंग’ असे नावच पडले.

नेटकेपणाने खरेच फायदा होतो का? १९८३ मध्ये अमेरिकेत बेन श्नायडरमन आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. एकच आज्ञावली वेगवेगळ्या प्रमाणात समास सोडून छापली आणि ती वाचून प्रश्नांची उत्तरे द्यायला सांगितले. दोन ते चार घरांचा समास सर्वांत उपयोगी ठरला. अजिबात समास नसणे वाईट, आणि सहा घरांचा समासही तितका चांगला नाही. नेटकेपणालाही प्रमाण असते.

जागेला पुन्हा अर्थ आला

मग काहींच्या मनात विचार आला. माणूस समासावरूनच गट ओळखणार असेल, तर यंत्रानेही तसेच का ओळखू नये? १९६६ मध्ये इंग्लंडमधील पीटर लँडिन यांनी हा नियम नेमकेपणाने मांडला आणि फुटबॉलवरून त्याला ‘ऑफसाइड’ नियम असे गमतीदार नाव दिले. गटाच्या सुरुवातीच्या उभ्या रेषेच्या डावीकडे एखादी ओळ गेली, की ती गटाबाहेर.

ही कल्पना घराघरात पोहोचवली ती ‘पायथन’ने. गिडो व्हॅन रोसम यांनी अॅमस्टरडॅममध्ये तयार केलेली ही भाषा १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात समास हाच गट. समास चुकला तर आज्ञेचा अर्थ बदलतो, नाहीतर यंत्र काम करायचे नाकारते. सीबीएसईच्या अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना पायथन शिकवणाऱ्या शिक्षकांना याचा रोजचा अनुभव असेल. ‘एककाखाली एकक’ हा नियम तिथे नव्या रूपात भेटतो.

जागेला अर्थ देताना एक धोकाही असतो. १९७६ मध्ये बेल प्रयोगशाळेत स्टुअर्ट फेल्डमन यांनी ‘मेक’ नावाची उपयोगी आज्ञावली लिहिली. तिच्या फायलीत ठरावीक ओळींची सुरुवात टॅबनेच झाली पाहिजे असा नियम होता. टॅबऐवजी आठ मोकळ्या जागा दिल्या, तर पडद्यावर दोन्ही अगदी एकसारखे दिसते; पण एक चालते आणि दुसरे चालत नाही. नियम अडचणीचा आहे हे फेल्डमन यांच्या लवकरच ध्यानात आले. मात्र तोपर्यंत डझनभर लोक ती वापरू लागले होते आणि त्यांची गैरसोय नको म्हणून त्यांनी तो बदलला नाही. डझनभरांचे लाखो झाले. त्या न दिसणाऱ्या फरकाला आजही लोक अडखळतात. दोन वाचकांपैकी एकालाच दिसणारा फरक किती महाग पडतो, त्याचे हे उत्तम उदाहरण.

संपादक आणि त्याची पुरवणी

कार्डे गेली, पडदे आले. पडद्यांनीही कार्डाचे ८० रकाने वारसा म्हणून घेतले. पडद्यावर मजकूर लिहिण्या-दुरुस्त करण्यासाठी जी आज्ञावली असते तिला टेक्स्ट एडिटर, म्हणजे संपादक म्हणतात. बिल जॉय यांनी बर्कलेत १९७६ मध्ये ‘व्हीआय’ लिहिला. नेदरलँड्सच्या ब्रॅम मूलेनार यांनी त्याच वळणाचा ‘व्हिम’ १९९१ मध्ये लोकांसमोर ठेवला. तो फुकट होता. आवडल्यास युगांडातल्या अनाथ मुलांसाठी मदत करा, एवढेच त्यांचे मागणे असे. २०२३ मध्ये ते वारले, पण व्हिम आजही जगभर वापरला जातो.

अशा संपादकाला आपल्या गरजेप्रमाणे छोट्या पुरवण्या जोडता येतात. त्यांना ‘प्लगिन’ म्हणतात. आज्ञावलीतल्या ओळी सारख्याखाली सारख्या आणणाऱ्या पुरवण्याही बऱ्याच आहेत. व्हिमसाठीची ‘टॅब्युलर’ ही त्यातली एक; नावातच टॅब्युलेटरची आठवण आहे. ‘ईझी-अलाइन’ ही दुसरी.

अशी पुरवणी नेमके काय करते? समजा तीन ओळी आहेत : लांबी = १२, उंची = ७, क्षेत्रफळ = ८४. संगणकाच्या बहुतेक भाषांत बरोबरच्या चिन्हाचा अर्थ ‘डावीकडच्या नावाच्या डब्यात उजवीकडची किंमत ठेव’ असा असतो. आपल्याला तिन्ही बरोबरची चिन्हे एकाखाली एक हवी आहेत. पुरवणी चार पायऱ्यांत काम करते.

पहिली : प्रत्येक ओळ बरोबरच्या चिन्हापाशी तोडायची, डावा तुकडा आणि उजवा तुकडा.
दुसरी : तुकड्यांच्या कडेच्या जास्तीच्या मोकळ्या जागा झाडून टाकायच्या.
तिसरी : डाव्या तुकड्यांत सर्वांत लांब कोणता ते शोधायचे आणि बाकीच्यांच्या शेवटी मोकळ्या जागा भरून ते तितकेच लांब करायचे.
चौथी : मध्ये बरोबरचे चिन्ह ठेवून तुकडे पुन्हा जोडायचे.

बस्स, इतकेच. चौकटींच्या कागदावर सहावीचे मूलही ही रीत करू शकते. रॉबर्ट रेकॉर्ड यांनी १५५७ मध्ये बरोबरचे चिन्ह प्रथम छापले, तेव्हा दोन समांतर रेघांइतके सारखे दुसरे काय असणार, असे त्याचे कारण दिले होते. चारशे-साडेचारशे वर्षांनी त्या रेघाही एकाखाली एक येऊन उभ्या राहिल्या.

आमची चूक

आता आमची गोष्ट. पीएच.डी. करत असताना आमच्या हाती एक जुनी फॉरट्रान आज्ञावली आली. ती आमच्या सरांच्याही आधीच्या काळापासून चालत आलेली होती. अनेकांनी तिच्यात भर घातलेली, कुठे काय आहे ते पाहताच गरगरायला व्हावे असा तिचा अवतार. आम्ही मोठ्या उत्साहाने ती नीटनेटकी करायला घेतली. संपादकाला एक पुरवणी जोडली, स्थिरांकांच्या दहा-बारा ओळी निवडल्या आणि सगळी बरोबरची चिन्हे एका रेषेत आणली. पान देखणे झाले. आम्ही खूश.

त्यानंतर आमची उत्तरे जुन्या छापील उत्तरांशी जुळेनात. फरक अगदी बारीक, चौथ्या अंकाचा. शंभरात चार शतांश. आज्ञावली न थांबता चाले, एकही तक्रार करत नसे. आम्ही सूत्रे पुन्हा सोडवली, यंत्र बदलून पाहिले, जुन्या उत्तरांवरच शंका घेतली. तीन आठवडे असेच गेले.

शेवटी सरांनी खणातून एक पिवळा पडलेला कोरा कागद काढला. फॉरट्रान लिहिण्यासाठी पूर्वी छापून मिळणारा तो चौकटींचा कागद होता. एका ओळीत ८० घरे. सर म्हणाले, “ती ओळ यावर लिही. एका घरात एक अक्षर.” आम्ही लिहीत गेलो. ओळीच्या शेवटी बोल्ट्झमनच्या स्थिरांकाचे अंक होते, १.३८०६. त्यातला ८ पडला ७२ व्या घरात. त्यापुढे जाड उभी रेघ होती. ० आणि ६ रेघेच्या पलीकडे.

सगळा उलगडा झाला. पूर्वी ती ओळ बरोबर ७२ व्या घरात संपत होती. बरोबरची चिन्हे रेषेत आणताना पुरवणीने तिच्यात दोन मोकळ्या जागा घातल्या आणि शेवटचे दोन अंक ७२ च्या पलीकडे ढकलले गेले. पडद्यावर आम्हाला १.३८०६ दिसत होते. यंत्र १.३८ वाचत होते. १९५७ सालच्या एका कार्डवाचकाची मर्यादा ते इमानाने पाळत होते. खरे तर १९९१ च्या फॉरट्रान ९० ने रकान्यांची सक्ती उठवून १३२ अक्षरांपर्यंत ओळीला मुभा दिली होती. पण आमची आज्ञावली जुन्या पद्धतीची होती.

आम्ही सोयीची मांडणी करायला गेलो आणि नकळत अर्थाच्या मांडणीला धक्का लावला. २९ चा २ शतकाच्या घरात ठेवणाऱ्या मुलात आणि आमच्यात फारसा फरक नव्हता. त्या मुलाला निदान दुसऱ्या दिवशी वही परत मिळते.

देखण्या पानाचा दगा

आमच्या चुकीने आमचेच तीन आठवडे गेले. पण अशीच चूक कोट्यवधी लोकांपर्यंत पोहोचल्याचेही उदाहरण आहे. फेब्रुवारी २०१४ मध्ये अॅपल कंपनीने आयफोनसाठी घाईने एक दुरुस्ती पाठवली. सुरक्षित संपर्क साधताना समोरचा संगणक खरोखर तोच आहे ना, हे सही पडताळून पाहणाऱ्या आज्ञावलीत दोष सापडला होता. ‘जर गडबड आढळली तर सरळ शेवटाकडे जा’ अशा अर्थाच्या आज्ञेत ‘सरळ शेवटाकडे जा’ ही ओळ चुकून दोनदा आली होती. दोन्ही ओळींचा समास सारखा, त्यामुळे वाचणाऱ्याला दोन्ही ‘जर’च्या पोटात वाटत. पण ज्या ‘सी’ भाषेत ती लिहिली होती, तिच्या नियमाप्रमाणे ‘जर’चा अंमल फक्त पुढच्या एका आज्ञेवर चालतो. दुसरी ओळ बिनशर्त झाली. गडबड असो वा नसो, यंत्र प्रत्येक वेळी शेवटाकडे उडी मारी आणि पुढची सहीची तपासणी कधी होतच नसे.

माणसाने समास वाचला, यंत्राने नियम वाचला. २०१६ मध्ये आलेल्या जीसीसी या संकलकाच्या सहाव्या आवृत्तीत म्हणून एक नवी सूचना घालण्यात आली : समास एक सांगतो आहे आणि आज्ञा दुसरे, असे दिसले तर लिहिणाऱ्याला सावध करायचे. म्हणजे जागेला अर्थ न देणाऱ्या भाषेचे यंत्रही आता माणसाच्या डोळ्यांनी पान पाहू लागले.

आपली लिपी आणि मोजणी

वरच्या तिसऱ्या पायरीत ‘सर्वांत लांब तुकडा शोधायचा’ असे आपण सहज म्हणून गेलो. पण लांबी मोजायची कशी? रोमन लिपीत, सर्व अक्षरे सारख्या रुंदीची असतील तर, अक्षरे मोजली की झाले. देवनागरीत तसे नाही. ‘क्षेत्रफळ’ हा शब्द आपण क्षे, त्र, फ, ळ असा चार अक्षरांचा समजतो. संगणकाच्या युनिकोड पद्धतीत मात्र तो नऊ चिन्हांचा आहे : क, पायमोड, ष, मात्रा, त, पायमोड, र, फ, ळ. ‘लांबी’ दोन अक्षरांची आणि पाच चिन्हांची. म्हणजे दोन्ही शब्दांतला फरक चिन्हांच्या हिशेबाने चार, अक्षरांच्या हिशेबाने दोन, आणि पडद्यावरच्या रुंदीच्या हिशेबाने आणखी वेगळाच. नुसती चिन्हे मोजणारी पुरवणी मराठी मजकुरात बरोबरची चिन्हे सरळ रेषेत आणूच शकत नाही. हा दोष आपल्या लिपीचा नव्हे. ‘एक चिन्ह म्हणजे एक घर’ हे कार्डाच्या काळातले गृहीतकच तिथे अपुरे पडते.

मग मांडावे की नाही?

जाणकारांचे यावर एकमत नाही. पायथनसाठी २००१ मध्ये लिहिलेल्या शैलीच्या नियमावलीत बरोबरची चिन्हे एकाखाली आणण्यासाठी जास्तीच्या जागा सोडू नयेत, असेच सांगितले आहे. विरोध करणाऱ्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. उद्या यादीत एक लांब नाव आले, की सगळ्याच ओळी सरकवाव्या लागतात. बदल खरा एका ओळीत, पण जुनी-नवी प्रत ताडून पाहणाऱ्याला दहा ओळी बदललेल्या दिसतात आणि त्या गर्दीत खरा बदल हरवतो. याउलट २००९ मध्ये आलेल्या ‘गो’ या भाषेने आपल्याबरोबर एक नेटके करणारे साधनच दिले. समास किती, कोठे काय एकाखाली आणायचे, हे सगळे तेच ठरवते. वादाला जागाच नाही.

आमचे मत विचाराल तर आम्ही अजूनही एकाखाली एक मांडतो. पण फक्त जिथे एकसारख्या गोष्टींची यादी आहे आणि फरक डोळ्यांना दिसायला हवा आहे तिथे. स्थिरांकांची यादी, अपूर्णांकांची यादी. आणि पुरवणी चालवण्यापूर्वी एक प्रश्न स्वतःला विचारतो : या पानाचा दुसरा वाचक इथल्या जागेला काही अर्थ देतो का?

वर्गात करून पाहण्यासारखे काही सुचवतो. चौकटींचे कागद घ्या. वर्गाच्या निम्म्या मुलांना दहा संख्यांची यादी एका ओळीत आणि निम्म्यांना तीच यादी एकाखाली एक लिहून द्या. यादीत एक चूक पेरून ठेवा. कोणाला किती वेळ लागतो ते फळ्यावर नोंदवा. मग नावे आणि किंमती यांच्या पाच ओळी देऊन पुरवणीच्या चार पायऱ्या हाताने करायला सांगा. नावे मराठीच द्या. ‘क्षेत्रफळ’ला किती घरे द्यायची यावर भांडण होईल. ते होऊ द्या; मोजायचे काय हे आधी ठरवावे लागते, हे मुलांना त्या भांडणातूनच कळेल.

शेवटी ३४७ आणि २९ ची बेरीज पुन्हा फळ्यावर मांडा. ज्या मुलाचे उत्तर ६३७ आले त्याला ‘चूक’ म्हणण्याआधी विचारा, की तू लिहिलेल्या २ चा अर्थ वाचणाऱ्याने काय घ्यायचा? आम्हाला हा प्रश्न आमच्या सरांनी विचारला, तेव्हा आम्ही पंचविशी ओलांडली होती. तो पिवळा कागद अजून आमच्या खणात आहे.